चार बोटांची फट

भिंत दिसली की ते मधलं बोट दुमडून तिच्यावर टकटक करत. मग कान जवळ नेत, आणि चोर सापडल्यासारखा चेहरा करून म्हणत, "पोकय वाजून राह्यली." म्हणजे आतून पोकळ. कुणाच्या घरी चहाला गेले तरी हेच. एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीच्या पंगतीत त्यांनी पाठीमागची नवी भिंत ठोकली आणि घरमालकाचा घास घशातच अडकवला, हे मी समोर बसून पाहिलेलं आहे.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती बहुधा लांबून गमतीची वाटतात. मला त्यांच्या हाताखाली काम करावं लागलं, त्यामुळे मला ती गंमत परवडली नाही. आधीच सांगून टाकते, मला ते आवडत नव्हते. ते गेले म्हणून आता आवडायला लागले, असंही नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं हे मला कळतं, पण ते काम करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

ते आमच्या शिक्षणसंस्थेच्या बांधकाम समितीचे अध्यक्ष होते. राहणारे रिठदचे. मोठी शेती, त्यात हळद, आणि त्या हळदीचा पिवळेपणा बोटांच्या पेरांत कायमचा बसलेला. मोटारसायकलवरून येत, गाडी बरोबर प्राचार्यांच्या खिडकीखाली लावत आणि कुणालाही न विचारता इमारतीभोवती एक फेरी मारत. वसतिगृह, कंपाउंडची भिंत, मुलींचं स्वच्छतागृह, सगळं त्यांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं होतं. त्यांनी कधी एका विटेचा पैसा खाल्ला नाही. खाल्ला असता तर माझं काम सोपं झालं असतं. पैसे खाणारा माणूस निदान थोडा दबून असतो. हे कुणालाच दबून नव्हते.

मी त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि वेधशाळेचं काम पाहते. जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, पण आमच्या कॉलेजला जुनी वेधशाळा आहे. पहिल्या प्राचार्यांनी हट्टानं बांधलेली. गोल इमारत, वर दोरानं फिरणारा पत्र्याचा घुमट, आत पितळी नळीची दुर्बीण. दुर्बीण ज्या दगडी खांबावर उभी आहे तो खांब काळ्या मातीतून खाली थेट मुरमापर्यंत गेलेला. आणि त्या खांबाभोवती, खांब आणि फरशी यांच्यामध्ये, सगळीकडून चार बोटांची मोकळी फट.

ही फट म्हणजे वेधशाळेचा जीव. माणसं फरशीवर चालतात, फरशी थरथरते. ती थरथर खांबाला पोचली तर दुर्बिणीतून दिसणारा ग्रह शंभरपट नाचतो. म्हणून खांबानं फरशीला शिवायचं नाही. एवढंच.

मी स्वतः याच कॉलेजची विद्यार्थिनी. वडील जऊळक्याच्या स्टेशनवर रेल्वेत गँगमन, घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. एका संध्याकाळी सरांनी आम्हाला शनी दाखवला. माझा डोळा भिंगाला लागलेला आणि मागे रांगेतली पोरं अक्षरशः धिंगाणा घालत होती. पाय आपटत होती, एकमेकांना ढकलत होती. शनी मात्र त्याच्या कड्यासकट जागच्या जागी. मला त्या वयात घरी, गावात, एस.टी.त कुठेच इतकं स्थिर काही पाहायला मिळालेलं नव्हतं. मी शिकून इथेच परत आले त्याचं कारण ती संध्याकाळ आहे, आणि त्यामुळे या फटीबद्दल मी जरा जास्त बोलते असं वाटलं तर चालवून घ्या.

पुढे बरीच वर्षं वेधशाळा बंद पडली. घुमटाची चाकं गंजली, कबुतरांनी संसार थाटले. अखेर संस्थेनं दुरुस्ती मंजूर केली. दुरुस्तीच नव्हे तर विस्तारही. घुमटाला लागून मुलांना बसायला मोठी खोली, पडद्यावर आकाश दाखवायची सोय, पायऱ्यांना लागून उतार, नवी फरशी. मला आनंद झाला. आणि मग कळलं की काम हे करणार.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नखशिखान्त पाहून विचारलं, "बाई, आडनाव काय म्हणलं तुहं?"

मी सांगितलं. ते "असं असं" म्हणाले. आमच्याकडे आडनाव कशासाठी विचारतात आणि "असं असं" कशासाठी म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, माझ्याहून वयानं लहान प्राध्यापकाला त्यांनी "या सर, बसा तुमी" म्हटलं. मला शेवटपर्यंत बाई आणि तू.

मी त्यांना फट दाखवली. कशासाठी आहे ते समजावलं. ते खाली वाकले, फटीत बॅटरी मारली. आत खडूचे तुकडे, पेनांची टोपणं, वर्षानुवर्षांची धूळ. आणि तेवढ्यात आतून एक विंचू निघाला आणि शांतपणे त्यांच्या चपलेवर चढला. ते एवढे मोठे अध्यक्ष, पण काय उडी मारली! मला हसू आवरलं नाही. मी हसले आणि ते त्यांनी पाहिलं. फटीची शिक्षा बहुतेक तिथेच ठरली.

"हे बुजवा लागते," ते म्हणाले.

"बुजवायची नाही. हिच्यासाठीच तर खांब वेगळा बांधलाय."

"बाई, फट म्हनजे फट. आज विंचू निंगाला, उद्या साप निंगन. लेकरं येतीन अथी."

त्यांचा सगळा जन्म काळ्या जमिनीत गेलेला. आमच्याकडची जमीन उन्हाळ्यात अशी उलते की भेगेत हात जातो, आणि पावसाळ्यात फुगून भिंती उचलते. घर असो, कोठा असो, हौद असो, भेग दिसली की ती भरायची, हेच त्यांना बांधकाम म्हणून माहीत होतं. फट सोडणं म्हणजे कामचुकारपणा. मुद्दाम सोडलेली फट ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरेना. मी जाळी लावू म्हटलं, वरून लाकडी पट्टी बसवू म्हटलं, फक्त ती खांबाला टेकायची नाही. ते मान हलवत राहिले. मी ती मान होकाराची समजले.

उन्हाळ्यात मला पेपर तपासायला अमरावतीला जावं लागलं. जाताना मी खांबावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं, 'फट बुजवू नये.' मिस्त्रीला हात जोडून सांगितलं.

परत आले तर खोली ओळखू येईना. मालेगावहून आणलेल्या टाईल अशा चकाकत होत्या की घुमट खाली उलटा दिसत होता. आणि टाईल खांबापर्यंत आलेली होती. खांबाला घट्ट चिकटून, भोवती सुबक गोल कापून, पांढरं सिमेंट भरून. खडूची अक्षरं पुसलेली. मी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्री जमिनीकडे पाहू लागला.

ते आलेच. पायातली चप्पल बाहेर काढून, नव्या फरशीवर अनवाणी चालत. "कशी वाटली? खाली काँक्रीट भरलं दाबून. मुंगी नाही शिरनार."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटी मात्र माझी प्रमाणभाषा सुटली आणि मी ओरडले, "तुमाले सांगतलं होतं ना! कायले भरलं? काहून भरलं?"

ते खूश झाले. "आता कशी जऊळक्याची बोलली," म्हणाले आणि खांबावर टकटक करून निघून गेले.

उद्घाटन थाटात झालं. पाहुणे आले, फीत कापली, संध्याकाळी चंद्र दाखवायचा बेत होता. पाहुण्यांनी डोळा लावला. मागे निम्मं गाव उभं. कुणी पुढे सरकलं की चंद्र थरथरे, कुणी खुर्ची ओढली की त्याला थंडी भरे. "हे हलतंय हो," पाहुणे म्हणाले. अध्यक्षांनी एकदा माझ्याकडे जळजळीत पाहिलं आणि गर्जना केली, "कोनी हालू नोका!"

सगळे जागच्या जागी थिजले. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. संस्थेचे सचिव शिंक दाबत लाल झाले. पाहुण्यांनी त्या स्मशानशांततेत चंद्र पाहिला आणि छान आहे म्हणाले. मी भिंतीशी उभी होते आणि मला रडू येत होतं. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

मी समितीकडे रीतसर मागणी केली की खांबाभोवतीची फरशी कापून फट पुन्हा मोकळी करावी. बैठकीत ते म्हणाले, "जिनं एक वीट रचली नाही, तिले फोडाची घाई झाली." सगळे हसले. ठराव नामंजूर. आठवड्याभरात वेधशाळेच्या दारावर रंगवलेली पाटी लागली: 'दुर्बीण चालू असताना कोणीही चालू नये. आदेशावरून.' माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख पाट्या वाचल्या आहेत, पण त्या पाटीखालून रोज आत जाणं हा अपमान वेगळाच होता.

मग मीही सोडलं नाही. त्यांना नमस्कार करायचं बंद केलं. कोणी पाहुणा, पालक, पत्रकार वेधशाळा बघायला आला की मी त्याचा डोळा भिंगाला लावायला सांगे आणि स्वतः त्याच्याभोवती फेरी मारे. "नाचतंय ना? आमच्या बांधकाम समितीचं काम." हे त्यांच्यापर्यंत पोचेल याची मी नीट काळजी घेतली होती. पोचलं.

एका संध्याकाळी ते एकटेच आले. दिवाळी होऊन गेलेली, आकाश स्वच्छ. "दाखव," म्हणाले, "काय नाचते ते."

तोवर त्यांनी दुर्बिणीतून कधी पाहिलेलंच नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. एवढं काम केलं, घुमटाची चाकं नवीन बसवली, नळी पुसून घेतली, पण डोळा कधी लावला नाही. मी शनी लावून दिला. ते वाकले. श्वास धरून ठेवला असावा.

"हे कडं कायचं हाये?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बर्फाचे आणि दगडाचे तुकडे. भोवती फिरतात."

"त्याले टेकून हाये का?"

"नाही. मधे मोकळी जागा आहे."

ते आणखी खाली वाकले. आणि मी, मला तो क्षण तसाच सोडवेना, मी मुद्दाम त्यांच्याभोवती चालायला लागले. टाचा आपटून.

"चालू नको."

"चालणार."

"मुद्दाम करून राह्यली तू."

"हो."

ते डोळा न काढता पाहत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील. आता म्हणावंच लागेल. ते सरळ उभे राहिले, कंबर धरली आणि म्हणाले, "काम पक्कं हाये म्हनून तं धक्का तथपर्यंत पोचून राह्यला. कच्चं असतं तं पोचला असता का?"

वाईट म्हणजे ते खरंच होतं. चप्पल घालून ते गेले आणि मी रिकाम्या खोलीत त्यांना आमच्या गावच्या भाषेत जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

त्यानंतर ते पुन्हा दोनदा-तीनदा आले, हे मला शिपायाकडून कळलं. मी नसताना. शनी लावून मागत आणि शिपायाला म्हणत, "तू पायरीवर बस. हालू नको." मला विचारलं असतं तर मी लावून दिला असता की नाही, सांगता येत नाही.

पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना वाशिमच्या दवाखान्यात भरती केलं. मी भेटायला गेले. का गेले म्हणाल तर प्रेमानं नाही. आमचं भांडण मधेच लटकलं होतं आणि ते तसं ठेवून हा माणूस झोपून राहणार, हे मला सहन होईना. त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. मला पाहून त्या पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या.

ते पलंगावर फार लहान दिसत होते. आवाज मात्र तोच. "फोडली का?"

"तुम्ही फोडू देता का?"

"मी जिता हाओ तवर नाही." दम लागत होता. "मंग फोडजो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"माह्या माघारी फोडजो. पन पहार लावू नोको बाप्पा. कटरनं काप. टाईल वाचली पाह्यजे. लय महागाची हाये."

"मग आत्ताच सांगा ना समितीला. एक शब्द सांगा."

"मी?" ते माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी त्यांना नाचायला सांगितलं. "माह्या तोंडून? तुले लाज नाही वाटत?" आणि कुशीवर वळले. भेट संपली.

ते दवाखान्यातून परत आले नाहीत.

शोकसभा त्याच नव्या खोलीत झाली, घुमटाला लागून. भाषणं झाली. ते किती प्रेमळ होते हे अशा माणसांनी सांगितलं ज्यांना त्यांनी भर बैठकीत झापलेलं होतं. मग अध्यक्षस्थानावरून ठराव आला की वेधशाळेच्या विस्ताराला त्यांचं नाव द्यावं, आणि त्यांच्या हातचं हे शेवटचं काम जसंच्या तसं जपावं. एका टाईललाही कुणी हात लावू नये. टाळ्या.

जिवंतपणी त्यांनी मला अडवलं ते अडवलं, आता मेल्यावर कायमचं अडवणार होते. मी उभी राहिले आणि दवाखान्यात ते जे बोलले ते सांगितलं. शब्दन् शब्द.

सभेत कुजबुज झाली. मग कुणीतरी हसलं. आमचं वैर संस्थेत शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. मी दुसरं काहीही सांगितलं असतं तर खपलं असतं, पण त्यांनीच मला फोडायला सांगितलं, हे? सचिव म्हणाले, "मॅडम, आजच्या दिवशी तरी नको."

तेव्हा पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी बोलल्या. त्या बसूनच बोलल्या, डोक्यावरचा पदरही सरकू न देता. "म्या काही आयकलं नाही. मी पान्याले गेली होती. बाई, तो टाईल वाचवा म्हणे?"

"हो. महागाची आहे म्हणाले."

"पहार नोको म्हणे?"

"कटरनं काप म्हणाले."

"मंग तोच बोलला," त्या सभेकडे वळून म्हणाल्या. "बाईले असं सुचलं नसतं. आन् माघारीचं म्हणाल तं त्याचं सारंच माघारी. पोरीले वावर देतो म्हणे, माह्या माघारी. मले काशीले नेतो म्हणे, माह्या माघारी. जिता असताना त्यानं कोनाचं आयकलं?" सभेत पुन्हा हसू फुटलं, पण यावेळी ते निराळं होतं. त्यांनी पदराला डोळे पुसले. "कापू द्या तिले."

मिस्त्री तोच होता, खडू पुसणारा. कटर लावला. टाईल एकेक सुटी झाली, न तुटता. मी सगळ्या पुसून भिंतीशी रचून ठेवल्या. खालचं काँक्रीट मात्र काही केल्या सुटेना. पात्यामागून पाती गेली, धूळ घुमटात कोंदली, आम्ही दोघं खोकत आणि त्यांच्या नावानं ओरडत होतो. "सायबानं दाबूनच भरलं होतं," मिस्त्री म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. मला तोंड सोडून बोलायचं होतं, पण अंगात जोर उरला नव्हता. फट मोकळी झाली तेव्हा मी आत हात घालून सगळीकडून फिरवला. कुठेच काही लागलं नाही.

संध्याकाळी शेवटच्या वर्षाच्या मुली आल्या. एकीला मी शनी लावून दिला आणि खांबाभोवती चालायला लागले. आधी हळू, मग टाचा आपटत.

"हलला का?"

"नाही मॅडम. जागच्या जागी आहे."

मी हे किती वाट पाहून मिळवलं होतं, तुम्ही पाहिलंच आहे. आणि मला मुळीच आनंद झाला नाही. मला त्यांचा राग आला, फटीच्या रागापेक्षा मोठा. आता इथे, या दारात, कंबर धरून उभं राहायला हवं होतं त्यांनी. मी चालले असते आणि त्यांनी पाहिलं असतं, आणि मग काहीतरी वाकडं उत्तर शोधून काढलं असतं, आणि मला पुन्हा रात्रभर जळत बसता आलं असतं. एवढा भांडला हा माणूस, आणि हरायच्या वेळेला निघून गेला. निदान हरण्यापुरतं तरी थांबायचं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी आणखी जोरात पाय आपटला.

"नाही हलत, मॅडम," मुलगी भिंगातूनच म्हणाली.

"माहिती आहे मला," मी म्हणाले, आणि आपटत राहिले.